शाळेचं आत्मपरीक्षण: आधी प्रश्न, मग माणसं

साठ मुद्द्यांची प्रश्नावली, प्रत्येक मुद्द्याला १ ते ४ गुण आणि तळाशी सगळ्यांच्या सह्या. शाळेचं आत्मपरीक्षण म्हणून आम्ही पहिल्यांदा केलं ते एवढंच. कागद गोळा झाले तेव्हा जवळजवळ प्रत्येक रकान्यात ३ होते. ४ लिहिले तर पुरावा मागतील, २ लिहिले तर खुलासा द्यावा लागेल, म्हणून ३. शिवाय ३ म्हणजे नेमकं काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तोच कागद वरच्या कार्यालयात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जो कागद मूल्यमापनासाठी वर जातो, त्यावर कुणी खरं लिहीत नाही. माणसं खोटारडी असतात म्हणून हे होत नाही. त्या कागदाचं कामच बदललेलं असतं, म्हणून होतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोन गोष्टी आधीच ठरवल्या. आत्मपरीक्षणाची टिपणं शाळेबाहेर जाणार नाहीत आणि कुणाच्याही गोपनीय अहवालात त्यांचा उल्लेख येणार नाही. वरच्या कार्यालयाला हवी असलेली माहिती वेगळ्या नमुन्यात भरायची. हे तोंडी सांगून भागत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने एका ओळीत लिहून शिक्षकांच्या खोलीत लावावं लागतं, आणि लोकांना ते खरं वाटायला पुढे दोन-तीन महिने जातात.

गट सात जणांचा: तीन शिक्षक, दोन पालक, कार्यालयातले एक जण आणि एक शिपाई. शिपाई का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मधल्या सुट्टीत कोण एकटं बसतं, कोणत्या वर्गाबाहेर मुलं उभी असतात, कोणते पालक फाटकापासूनच परत जातात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मुख्याध्यापक बैठकीला असतात, पण अध्यक्षपद घेत नाहीत आणि सगळ्यात शेवटी बोलतात. ते पहिल्यांदा बोलले तर बाकीचे सातही जण तेच मत वेगळ्या शब्दांत सांगतात.

साठ मुद्द्यांऐवजी एकच प्रश्न घ्यायचा, हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्कॉटलंडमध्ये १९९६पासून शाळा ज्या चौकटीत स्वतःला तपासत आल्या आहेत, तिचा गाभा तीन साध्या प्रश्नांचा आहे: आपलं कसं चाललंय, ते कशावरून, आणि आता पुढे काय करायचं. पहिल्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. शाळा अडखळते ती दुसऱ्यावर. ‘कशावरून’साठी तीन बाजूंनी पुरावा लागतो: आकडे, लोकांचं म्हणणं आणि डोळ्यांनी पाहिलेलं. तिन्ही जमले तरच पुढे जायचं. साठ मुद्द्यांसाठी असा तिहेरी पुरावा जमवणं कुठल्याच शाळेच्या आवाक्यातलं नाही. एका प्रश्नासाठी ते सहा आठवड्यांत होतं.

आमचा प्रश्न गणिताच्या शिक्षकांकडून आला. सातवीची मुलं अपूर्णांकांची आणि एककांची गणितं वहीत बरोबर सोडवतात, पण हातात पट्टी दिली की गडबडतात. असं का? प्रश्न चांगला आहे की नाही, हे ओळखायची आमची कसोटी अशी: त्याचं उत्तर ‘मुलं लक्ष देत नाहीत’ किंवा ‘पालक लक्ष देत नाहीत’ एवढ्यावर संपत असेल, तर तो नीट विचारलेला नाही. आपण काय करतो, हे त्यात आलं पाहिजे.

आकड्यांसाठी नवी परीक्षा घेतली नाही. जुन्या उत्तरपत्रिका काढून मोजमापाचे प्रश्न दोन ढिगांत घातले, एककांचं रूपांतर एका ढिगात आणि प्रत्यक्ष मोजणं दुसऱ्यात. दुसरा ढीग जवळजवळ रिकामाच राहिला. मुलांना मोजता येत नव्हतं हे खरं, पण आम्ही ते कधी विचारलंही नव्हतं.

मग दहा मिनिटांची एक कृती केली. पट्टीवर कागदाचा तुकडा २ च्या खुणेपासून ७ च्या खुणेपर्यंत ठेवायचा आणि लांबी विचारायची. बरीच मुलं ७ म्हणतात, काही २ पासून खुणा मोजत जातात आणि ६ सांगतात. पहिल्या मुलांच्या लेखी लांबी म्हणजे शेवटी दिसणारा आकडा. दुसरी मुलं मधलं अंतर मोजण्याऐवजी खुणा मोजतात. दोन्ही चुकांवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून नुसतं बरोबर-चूक न लिहिता मुलाने काय उत्तर दिलं तेच लिहून ठेवायचं. ही कृती कुठल्याही शाळेत उद्या करता येईल. करून पाहाच.

वर्गनिरीक्षणाचा नियम एकच होता: दिसलं तेवढंच लिहायचं. ‘मुलं कंटाळली होती’ हे निरीक्षण नव्हे. ‘तास सुरू होऊन २० मिनिटं झाल्यावर शेवटच्या बाकावरच्या चौघांनी वही मिटली’ हे निरीक्षण. कागदावर बाकांचा नकाशा काढायचा. प्रश्न ज्याला विचारला त्याच्या जागी रेघ, आपणहून बोलला तर टिंब. तास संपल्यावर त्या कागदाकडे नुसतं पाहिलं तरी मधल्या दोन रांगा काळ्या आणि कडेच्या कोऱ्या दिसतात. पहिल्या तीन निरीक्षणांत सगळ्यांनीच मतं लिहिली, ती खोडून पुन्हा लिहायला लावली. हे जमायला सराव लागतो.

ज्यांच्या वर्गात बसायचं त्या शिक्षकांनीच काय पाहायचं ते ठरवायचं आणि कागद तास संपताच त्यांच्याच हातात द्यायचा. जपानमधल्या शाळांत पाठाचा अभ्यास गटाने करण्याची जी जुनी रीत आहे तिच्यातून घेण्यासारखी गोष्ट हीच: पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर होत नाही.

याशिवाय प्रत्येक शिक्षकाने आपल्याच तासाची १५ मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित करून एकट्याने ऐकली. ऐकताना एकच गोष्ट मोजायची: प्रश्न विचारल्यावर आपण किती सेकंद थांबतो. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अशाच ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिलं होतं की शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, आपणहून बोलणं वाढतं, गप्प राहणं कमी होतं. वाचून हे सगळ्यांना पटतं. स्वतःचा आवाज ऐकल्यावर पोटात खड्डा पडतो, कारण त्या एका सेकंदात उत्तरही आपणच देऊन टाकलेलं असतं. ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नाही, ऐकून पुसून टाकायचं. ही अट सैल केली तर पुढच्या वेळी कुणीही तयार होणार नाही.

मुलांना विचारायचं म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधींची बैठक, असं आम्हाला वाटायचं. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांना वापरून घेणं, शोभेपुरतं उभं करणं आणि नावापुरतं विचारणं येतं, आणि या तिन्हींना ते सहभाग म्हणत नाहीत. आमची बैठक तिसऱ्या पायरीवर होती. मग प्रतिनिधी सोडून दिले आणि सहा-सहा मुलांचे गट केले, हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांना मुद्दाम वेगवेगळ्या गटांत घालून. ‘मोजायचा तास तुम्हाला कसा वाटतो’ असं विचारलं की उत्तर येतं ‘छान’. ‘शेवटचं काय मोजलंत, कशाने मोजलंत, कुणाच्या हातात होती पट्टी’ असं विचारलं की माहिती येते. पट्टी पाच जणांत एक होती आणि ती ज्याच्या हाती पहिल्यांदा लागे, त्याच्याकडेच राहत होती. हे आम्हाला माहीत नव्हतं.

सगळा पुरावा भिंतीवर लावून ‘का’ची साखळी लावली. टोयोटाच्या कारखान्यात दोषाचं मूळ शोधायला पाच वेळा ‘का’ विचारतात, तीच पद्धत. मुलं शेवटचा आकडा का वाचतात? कारण पुस्तकातल्या चित्रांत वस्तू नेहमी शून्यालाच टेकवलेली असते. खऱ्या वस्तू का मोजत नाहीत? कारण ३५-४० मिनिटांच्या तासात साहित्य वाटून गोळा करण्यातच अर्धा वेळ जातो. दोन तास जोडून का घेत नाही? कारण वेळापत्रक तसं नाही, आणि परीक्षेत हे विचारलंच जात नाही. पाचव्या ‘का’पर्यंत आलो तेव्हा एकाही उत्तरात मुलांचं नाव नव्हतं. एक सावधगिरी मात्र हवी: एखाद्या ‘का’चं उत्तर व्यक्तीचं नाव असेल, तर तिथे थांबून तो प्रश्न बदलायचा. नाहीतर पुढची सगळी साखळी दोषारोपाची होते.

बाहेरच्या माणसाकडे आम्ही वळलो ते इथे, याआधी नाही. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक शाळा भागीदारीची सुरुवात ‘कोण काय देईल’ या यादीने करतात. मग संगणक येतात, रंग येतो, नावाची पाटी येते, आणि वर्गात काहीही बदलत नाही, कारण ती वस्तू कुठल्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून आलेली नसते. याच काळात एका देणगीदाराने टॅब देऊ केले होते. आम्ही कळवलं की आमचा प्रश्न अजून शोधतो आहोत, तो सापडला की येऊ. थोडी नाराजी झाली. पण आलेले टॅब सांभाळण्यात दोन शिक्षकांचं वर्ष गेलं असतं.

प्रश्न हातात असला की माणूस शोधणं सोपं होतं. रोजच्या कामात मोजमाप करणारं, चुकलं तर स्वतःचं नुकसान होणारं आणि समजावून सांगायची आवड असलेलं असं कोण आहे? पालकांच्या नोंदवहीत ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द असतो, त्यावरून हे कळत नाही. त्यासाठी घरी जावं लागतं, आणि तेही शिकवायला नव्हे, शिकायला. शिक्षण-संशोधक लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टूसॉन इथे शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांत असं पाठवलं होतं. त्या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधोपचार यांचं मोठं ज्ञान आहे आणि शाळा ते वापरतच नाही, हे १९९२च्या त्यांच्या लेखातून पुढे आलं. आम्ही प्रत्येक घरी तीनच प्रश्न ठेवले: कामात काय काय करता, त्यातलं अवघड काय, आणि ते तुम्ही कसं शिकलात. मूल अभ्यासात कसं आहे हा विषय काढायचा नाही. तो निघाला की पालकांचा आवाज लगेच खाली जातो.

या घरभेटींतून शिवणकाम करणाऱ्या एका ताई ठरल्या. करार एका पानाचा. त्यात आमचा प्रश्न, कुणी काय करायचं, किती दिवस, साहित्य कुणाचं, मानधन किती आणि कधी, आणि मध्येच थांबायचं झालं तर कसं कळवायचं, एवढं असतं. मानधनाचा विषय संकोचाने टाळला जातो, पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाकडून फुकट वेळ मागणं योग्य नाही. सुरक्षिततेची कलमं वेगळी लिहायची: बाहेरची व्यक्ती मुलांसोबत एकटी असणार नाही, वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात राहतील, मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत. भागीदार ओळखीचा असला तरी हे सोडायचं नाही.

पहिल्या फेरीसाठी एकच वर्ग, सहा आठवडे, आठवड्यातून एकदा दोन जोडतास. सुरुवातीआधी अंदाज लिहून पाकिटात बंद केला: काय बदलेल, किती मुलांत, कशावरून कळेल. हे आधी लिहिलं नाही, तर नंतर जे घडेल तेच आपल्याला हवं होतं असं वाटू लागतं.

काम साधं होतं. कंपासपेटीसाठी कापडी पिशवी बेतायची, आधी कागदावर. पेटी १६ सेंटिमीटर लांब, ७ रुंद, २ जाड. बहुतेक मुलांनी रुंदीचं गणित असं मांडलं: ७ आणि शिलाईचा १, एकूण ८. पिशवीला दोन तुकडे लागतात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांना शिलाईत एकेक सेंटिमीटर जातो, म्हणजे ८ मधून उरले ६. त्यात पेटीची जाडी तर धरलेलीच नाही. गणिताचे शिक्षक पहिल्या बाकापाशीच ही चूक सांगायला निघाले. ताईंनी त्यांना हाताने थांबवलं. “सर, कापू द्या त्यांना. कागदच आहे.”

मुलांनी कागद कापले, कडेला एकेक सेंटिमीटर सोडून टाचणी मारली आणि पेटी आत घालायला गेली. जाईना. एका मुलीने पेटी आडवी केली, उभी केली, मग टाचण्या काढल्या. ताई शेजारी बसून होत्या, काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, “कुठे अडलं?” मुलीने पेटीच्या कडेवर बोट ठेवलं. जाडी. मग तिने पेटीभोवती दोरा गुंडाळला, पट्टीवर मोजला, १८ आले, त्याचं निम्मं ९. आत-बाहेर करायला अर्धा सेंटिमीटर सैल आणि दोन्ही कडांचे दोन, म्हणजे साडेअकरा. ‘घेर’ हा शब्द कुणीही फळ्यावर लिहिला नव्हता. १८९६ साली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात मुलांसाठी सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत शिवण, सुतारकाम आणि स्वयंपाक यांतून गणित-विज्ञानाकडे जायचे ते याच वाटेने.

हे जमलं तसं बिघडलंही. दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांना कार्यालयीन कामासाठी बाहेर बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे तास थांबवावा लागला आणि ताईंची अर्धी पाळी वाया गेली. तेव्हापासून जोडतासाच्या वेळी त्या शिक्षकांना कुणी बोलवायचं नाही, हे करारात घातलं. कात्र्या सहा मुलांत एक अशा ठेवल्या, तर पट्टीचं जे झालं तेच कात्रीचं झालं. दोघांत एक लागतेच. ताईंची टेप एका बाजूला इंचांची होती, काही मुलांनी उलटी धरून मोजलं. पहिले दोन आठवडे टेपची ती बाजू झाकायची, मग मुद्दाम उघडी ठेवायची. सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या आठवड्यातली. काम चांगलं चाललंय हे पाहून उरलेल्या तुकड्यांनीही ते मागितलं, आणि आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. ताई एकच. चार तुकड्या म्हणजे प्रात्यक्षिकाचं भाषण झालं असतं आणि मुलं नुसती बघत राहिली असती.

सहा आठवड्यांनी तीच २ ते ७ ची कृती पुन्हा घेतली, त्याच मुलांकडून, त्याच शब्दांत. पुन्हा मोजताना साधन बदललं तर तुलना होत नाही. बाकांचा नकाशाही पुन्हा काढला. शेवटचा आकडा वाचणारी मुलं कमी झाली होती, खुणा मोजणारी जवळपास तेवढीच राहिली. आमचा अंदाज अर्धाच बरोबर आला होता, आणि पाकीट उघडल्यावर तो पुसट करून वाचायची सोय नव्हती. पिशवी बेतताना मुलं खुणांमधलं अंतर मोजतच नाहीत, पट्टी शून्याला टेकवून शेवटचा आकडा घेतात. म्हणजे दुसऱ्या चुकीसाठी शून्य घासून गेलेली पट्टी किंवा मधूनच कापलेली टेप द्यायला हवी होती. पुढच्या फेरीत ती आली.

आढावा बैठकीला ताईंना बोलावलं होतं. भागीदाराला तासाला बोलवायचं आणि आढाव्याला नाही, ही फार सर्रास होणारी चूक आहे. त्यांनी विचारलं, “तुम्ही मार्क तयार पिशवीला दिलेत. कागद कुठे टाकलेत?” बहुतेक कागद कचऱ्यात गेले होते. त्यांच्या कामात बिघडलेला कागद जपून ठेवतात, कारण पुढच्या वेळी तोच वाट दाखवतो. त्या एका प्रश्नाने आमच्या मूल्यमापनाची पद्धत बदलली. आता मुलं पहिला, चुकलेला आराखडा आणि शेवटचा असे दोन्ही लावतात आणि मधे काय बदललं ते दोन ओळींत लिहितात. गुण त्या दोन ओळींना. सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्यक्ष मोजण्याचा एक प्रश्न आला. वेळापत्रकात जोडतास कायमचा झाला, आणि त्यासाठी रूपांतरांच्या सरावाचा एक तास काढून टाकला. नवीन काही घालताना जुनं काय काढायचं हे त्याच बैठकीत ठरवलं नाही, तर नवं दोन महिन्यांत गळून पडतं. याच मुद्द्यावर सगळ्यात लांब वाद झाला.

शिक्षक बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर कामही जातं. म्हणून एका फाइलमध्ये पाचच गोष्टी ठेवल्या आहेत: प्रश्न कसा ठरला त्याचं पान, आधीची आणि नंतरची नोंद, करार, काय बिघडलं त्याची यादी, आणि पुढच्या फेरीत काय बदलायचं ते. नवे शिक्षक आले की ते पहिले दोन जोडतास नुसते बसून पाहतात, वर्ग ताई आणि जुने शिक्षक घेतात. ‘काय बिघडलं’ हे पान सगळ्यात जाड आहे, आणि त्याला ८ सेंटिमीटर रुंदीचे ते दोन कागद, टाचण्यांच्या भोकांसकट, जोडलेले आहेत.